पाटी बदलते, इमारत तीच

पुण्यात कोरेगाव पार्कात 'ब्लू डायमंड' उभं आहे. पुणेकरांच्या बोलण्यात त्याचं नाव कायम एवढंच राहिलं. पाटीवर मात्र बऱ्याच घडामोडी झाल्या. किर्लोस्कर समूहाने हे हॉटेल काढलं तेव्हा ते साधं 'हॉटेल ब्लू डायमंड' होतं. पुढे ते टाटांच्या इंडियन हॉटेल्स कंपनीच्या छत्राखाली आलं आणि 'ताज ब्लू डायमंड' झालं. २०१० मध्ये कंपनीने 'विवांता बाय ताज' हा नवा ब्रँड आणला, तेव्हा या हॉटेलाच्या नावापुढेही 'विवांता' लागलं. २०१७ मध्ये कंपनीने आपली सारी हॉटेलं पुन्हा एका 'ताज' नावाखाली आणायचं जाहीर केलं. ते धोरण फार टिकलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये १२ हॉटेलांची 'सिलेक्शन्स' नावाची मालिका निघाली, आणि तिच्यात हे हॉटेल 'ब्लू डायमंड' या मूळ नावाने परत आलं. नावामागे कंपनीची ओळख राहिली, पण दुय्यम जागी.

रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक जे नाव घेत होते, तेच शेवटी कंपनीने स्वीकारलं. यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ज्या कंपनीने 'ताज' हे नाव १९०३ पासून जपलं, वाढवलं, ती आपलंच नाव दर्शनी भागावरून मागे का घेते? मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी, अकोर या जगभरच्या बड्या साखळ्याही गेल्या पंधरा वर्षांत हेच का करत आहेत? आपलं नाव मागे ठेवून छोट्या, एकमेकांशी साम्य नसलेल्या हॉटेलांची उद्घाटनं त्या का करतात?

त्यासाठी साखळी मुळात कशावर उभी राहिली ते पाहावं लागतं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसचे बांधकाम व्यावसायिक केमन्स विल्सन बायकोमुलांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला निघाले. वाटेतली मुक्कामाची ठिकाणं त्यांना अस्वच्छ आणि महाग वाटली. मुलांचे वेगळे पैसे घेतले गेले याचा त्यांना विशेष राग आला. पुढच्याच वर्षी त्यांनी मेम्फिसमध्ये पहिलं 'हॉलिडे इन' उघडलं. मुलांना पैसे नाहीत, खोली स्वच्छ, आणि एका ठिकाणी जे मिळेल तेच दुसऱ्या ठिकाणी. परक्या गावी रात्री उशिरा पोचणाऱ्या माणसाला या हमीची किंमत कळते. फिरतीची नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारावं. सारखेपणाला नाक मुरडणं सोपं आहे, पण लाखो प्रवाशांना त्या सारखेपणाने निवांत झोप दिली, हे विसरून चालत नाही.

मात्र या सारखेपणाचा कंटाळा येणारेही लोक होते. बिल किम्प्टन हे त्यांपैकी एक. धंद्याने ते गुंतवणूक बँकर. युरोपात त्यांनी लहान, घरगुती हॉटेलं पाहिली होती आणि अमेरिकेतली शेकडो खोल्यांची हॉटेलं त्यांना थंड, एकाकी वाटत. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'बेडफर्ड' या हॉटेलापासून त्यांनी सुरुवात केली. त्यांचा हिशेब बँकरचाच होता. शहराच्या मध्यवस्तीतली जुनी इमारत स्वस्तात घ्यायची, पाडायची नाही, आतून नीट करायची. लॉबी लहान ठेवायची, तिथे संध्याकाळी पाहुण्यांना वाइन द्यायची, म्हणजे एकटा आलेला माणूस एकटा राहत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेस्तराँ. एरवी हॉटेलाचं रेस्तराँ हे सकाळच्या नाश्त्यापुरतं. दुपारी-संध्याकाळी टेबलं रिकामी. किम्प्टननी त्याला रस्त्यावर वेगळं दार दिलं, वेगळं नाव दिलं, नावाजलेला शेफ आणला. १९८९ मध्ये त्यांच्या 'प्रेस्कॉट' हॉटेलात वुल्फगँग पक यांचं 'पोस्ट्रिओ' सुरू झालं. तिथे जेवायला येणाऱ्यांना वर खोल्या आहेत याच्याशी देणंघेणं नव्हतं. शहरातली माणसं ज्या इमारतीत स्वतःहून येतात, तिथे उतरलेल्या पाहुण्याला आपण त्या शहरात आहोत असं वाटतं. पुढच्या अनेक छोट्या हॉटेलांनी हा धडा गिरवला.

न्यूयॉर्कची वाट वेगळी होती. 'स्टुडिओ ५४' या नाइटक्लबचे मालक इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल करचुकवेगिरीच्या शिक्षेतून सुटून आले होते. १९८४ मध्ये त्यांनी मॅडिसन अॅव्हेन्यूवर 'मॉर्गन्स' उघडलं. फ्रेंच डिझायनर आंद्रे प्युतमां यांच्याकडे आतली सजावट होती आणि हातात पैसा बेताचा. त्यांनी बाथरूमसाठी स्वस्त चौकोनी फरश्या घेतल्या आणि काळ्या-पांढऱ्या अशा बसवल्या, की तीच त्या हॉटेलाची ओळख झाली. पुढे जगभर तशी बाथरूम्स झाली. महागड्या संगमरवराची गरज नसते, ठाम नजरेची असते, हे तिथे सिद्ध झालं. १९८८ मध्ये फिलिप स्टार्क यांच्या सजावटीचं 'रॉयल्टन' आलं, आणि हॉटेलची लॉबी ही चावी घेण्याची जागा न राहता संध्याकाळी बसण्याची जागा झाली.

साखळ्यांनी हे सगळं दीड दशक पाहिलं. १९९८ मध्ये शेरेटन आणि वेस्टिन ज्यांच्या ताब्यात होते त्या स्टारवुडने न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरचं एक जुनं हॉटेल बदलून पहिलं 'डब्ल्यू' उघडलं. ते चाललं, म्हणून दुसरं, तिसरं, दहावं. मंद प्रकाश, मोठं संगीत, गर्दीचा बार, काळ्या कपड्यांतले कर्मचारी. पहिल्या हॉटेलात जे नवं होतं ते विसाव्यात नियमावलीतलं कलम झालं. २०१६ मध्ये मॅरियटने सुमारे १३ अब्ज डॉलरना स्टारवुड विकत घेतलं, तोवर डब्ल्यूची चमक बरीच उतरली होती. म्हणून २०१९ मध्ये मॅरियटने न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरचं डब्ल्यू स्वतः खरेदी केलं, सगळं नव्याने करून दाखवण्यासाठी. इमारती विकत घेणं टाळणाऱ्या कंपनीला एक इमारत विकत घ्यावी लागली, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळतं.

इथे या धंद्याची आतली रचना समजून घ्यायला हवी. तिच्याशिवाय पुढचं काही उमगत नाही. ज्या हॉटेलावर मॅरियट किंवा हिल्टन लिहिलेलं दिसतं, ते बहुतेकदा त्या कंपनीच्या मालकीचं नसतं. जमीन आणि इमारत एखाद्या बिल्डरची, उद्योगसमूहाची, गुंतवणूक निधीची किंवा जुन्या घराण्याची असते. साखळी एक तर नाव वापरायला देते आणि त्याची फी घेते, किंवा करार करून हॉटेल चालवतेही. चालवण्याच्या करारात ढोबळमानाने उलाढालीतला एक लहान हिस्सा आणि नफ्यातला आणखी एक हिस्सा साखळीकडे जातो. बदल्यात तिच्याकडून बुकिंगची यंत्रणा मिळते, प्रशिक्षित जनरल मॅनेजर मिळतो, खरेदीचे स्वस्त दर मिळतात आणि मुख्य म्हणजे सदस्य मिळतात. मॅरियटच्या 'बॉनव्हॉय' योजनेचे २० कोटींहून अधिक सदस्य आहेत. गावातल्या ४० खोल्यांच्या हॉटेलाला एवढ्या लोकांपर्यंत पोचण्याची दुसरी वाट म्हणजे ऑनलाइन बुकिंगची संकेतस्थळं, आणि त्यांचं कमिशन मालकाला जड जातं.

२००८ च्या आर्थिक घसरणीनंतर हे गणित फार टोकदार झालं. स्वतंत्र हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या आणि बँका कर्ज देताना विचारू लागल्या की दारावर कुणाचं नाव आहे. २०१० मध्ये मॅरियटने यावर तोडगा काढला. 'ऑटोग्राफ कलेक्शन' नावाची मालिका काढली आणि केसलर समूहाच्या ७ हॉटेलांनी तिची सुरुवात केली. प्रत्येक हॉटेलाने आपलं नाव ठेवायचं, आपली सजावट ठेवायची. बुकिंग आणि सदस्य मात्र मॅरियटचे. हिल्टनने २०१४ मध्ये 'क्युरिओ' आणलं. अकोरची 'एमगॅलरी' २००८ पासूनच होती. या मालिकांना धंद्यात 'सॉफ्ट ब्रँड' म्हणतात.

ही सोय झाली, पण तिच्यात एक फसगतही शिरली. क्युरिओच्या पहिल्या हॉटेलांत लास वेगासचं 'एसएलएस' होतं, ज्यात १,६०० हून अधिक खोल्या आणि कसिनो होता. वेगळेपण हा गुण खोल्यांच्या संख्येवर ठरत नाही हे मान्य. तरी १,६०० खोल्यांत पाहुण्याला नावाने कोण ओळखणार? मालिकेत काय बसतं आणि काय बसत नाही, हे ठरवायचा अधिकार जो फी घेतो त्याच्याकडेच असला, की नकार देणं अवघड होतं. काही वर्षांत त्या इमारतीचं नाव पुन्हा तिचं जुनं, 'सहारा', झालं.

मालक आणि साखळी यांच्या नात्याचा सर्वांत नाट्यमय प्रसंग मात्र होनोलुलूत घडला. २००७ मध्ये मॅरियटने चक्क इयान श्रेगर यांच्याशी हातमिळवणी करून 'एडिशन' हा ब्रँड जाहीर केला. एकीकडे कुटुंबवत्सल, कर्मठ मॉर्मन घराण्याची कंपनी. दुसरीकडे नाइटक्लबवाले श्रेगर. २०१० मध्ये होनोलुलूच्या वाइकिकी भागात पहिलं एडिशन उघडलं. धंदा अपेक्षेप्रमाणे झाला नाही, मालक आणि मॅरियट यांचं बिनसलं, आणि ऑगस्ट २०११ मध्ये मालकांनी एका रात्रीत मॅरियटच्या व्यवस्थापनाला बाहेर काढून हॉटेलाला 'द मॉडर्न होनोलुलू' हे नाव दिलं. वर झोपलेले पाहुणे सकाळी उठले तेव्हा ते वेगळ्या हॉटेलात होते. एडिशन या धक्क्यातून सावरलं. २०१३ मध्ये लंडनला, २०१४ मध्ये मायामी बीचला त्याची चांगली हॉटेलं झाली.

किम्प्टन यांचं निधन २००१ मध्ये झालं. डिसेंबर २०१४ मध्ये त्यांची कंपनी ४३ कोटी डॉलरना विकत घ्यायचं आयएचजीने जाहीर केलं. आयएचजी म्हणजे आज 'हॉलिडे इन' ज्यांच्याकडे आहे तीच कंपनी. सारखेपणाचं घर आणि त्याला कंटाळून निघालेलं घर, दोन्ही एका मालकाकडे आली. त्या वेळी किम्प्टनची ६० हून थोडी अधिक हॉटेलं होती, सगळी अमेरिकेत, आणि बहुतेकांची नावं वेगवेगळी: 'मोनॅको', 'पॅलोमार'. मोनॅकोत एकट्या पाहुण्याला सोबत म्हणून खोलीत गोल्डफिश मिळत असे. विक्रीनंतर सगळ्या नावांपुढे 'किम्प्टन' लागलं आणि २०१८ मध्ये त्यांची स्वतःची सदस्य योजना आयएचजीच्या योजनेत मिसळली. जुन्या पाहुण्यांना ते खटकलं, आणि खटकणं रास्त होतं. कर्मचाऱ्यांनी आपल्या मर्जीने देऊ केलेल्या छोट्या गोष्टी गुणांच्या कोष्टकात बसत नाहीत.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आयएचजीमुळे किम्प्टन युरोपात पोचलं. २०१७ मध्ये अॅम्स्टरडॅमला 'डी विट' उघडलं, २०१८ मध्ये लंडनच्या रसेल स्क्वेअरला 'फिट्झरॉय'. फिट्झरॉयची इमारत १९०० सालची, 'हॉटेल रसेल' म्हणून बांधलेली. वास्तुकार चार्ल्स फिट्झरॉय डॉल. टेराकोटाने मढवलेलं ते अवाढव्य बांधकाम दुरुस्त करून चालवणं एखाद्या छोट्या मालकाच्या आवाक्यातलं नव्हतं. नवं नाव देताना वास्तुकाराचं नाव घेतलं गेलं, हे चांगलं झालं.

असं हॉटेल उघडायच्या आधीचे काही महिने फार धावपळीचे असतात. आधी एक नमुना-खोली तयार होते. तिच्यात मालक, डिझायनर आणि साखळीचे लोक दिवा कुठे, प्लग कुठे, नळाचं पाणी किती वेळात गरम होतं यावर भांडतात. मग उद्घाटनाच्या आधी कमी पाहुणे घेऊन 'सॉफ्ट ओपनिंग' होतं. खोल्याखोल्यांतून उणिवांच्या याद्या निघतात. साखळीच्या ठरलेल्या ब्रँडमध्ये या याद्या मुख्यालयातून आलेल्या पुस्तकाशी ताडून पाहतात. छोट्या वेगळ्या हॉटेलासाठी असं पुस्तक पुरत नाही. आगीचे नियम, गादी, पाण्याचा दाब, वायफाय एवढं वरून ठरवता येतं. नाश्त्याला काय असावं, भिंतीवर कुणाचं चित्र असावं, संध्याकाळी लॉबीत काय वाजावं, हे त्या इमारतीत रोज वावरणाऱ्यानेच ठरवायला हवं. जिथे जनरल मॅनेजरला ही मोकळीक असते तिथे हॉटेल जिवंत राहतं. जिथे प्रत्येक गोष्टीला वरून मंजुरी लागते तिथे वर्षा-दोन वर्षांत नाव तेवढं वेगळं उरतं.

भारतात जुनं नाव राखून साखळीने हॉटेल चालवण्याची गोष्ट अमेरिकेतल्या या मालिकांच्या बरीच आधीची आहे. १९७१ मध्ये ताजने उदयपूरचा लेक पॅलेस चालवायला घेतला, त्यानंतर जयपूरचा रामबाग पॅलेस. मालकी राजघराण्याची, व्यवस्था कंपनीची, नाव वाड्याचं. पण ती राजवाड्यांची गोष्ट. साध्या शहरी हॉटेलातलं वेगळेपण पाहायचं तर मुंबईत कफ परेडला जावं लागतं.

तिथलं 'प्रेसिडेंट' हे पॅलेस नाही; सत्तरच्या दशकातला एक उंच टॉवर आहे. त्याचं वेगळेपण स्वयंपाकघरात तयार झालं. १९९३ मध्ये तिथे 'थाई पॅव्हिलियन' सुरू झालं, मुंबईत थाई जेवण फारसं कुणाला माहीत नसताना. पुढे 'कोकण कॅफे' आलं. मंगळूरकडचे शेफ आनंदा सॉलोमन यांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांतलं जेवण पंचतारांकित टेबलावर मांडलं. तोवर मोठ्या हॉटेलात भारतीय जेवण म्हणजे बहुतेकदा तंदूर आणि मखनी; माशाची आंबट-तिखट आमटी, सोलकढी, तिसऱ्या हे घरचं किंवा खानावळीचं मानलं जाई. त्या जेवणाला हॉटेलच्या मेनूकार्डावर मान मिळाला, ही मराठी-कोकणी खाणाऱ्यांसाठी मोठी गोष्ट होती. खोलीत कधीही न राहिलेले शेकडो मुंबईकर या हॉटेलाला आपलं मानतात, ते या दोन रेस्तराँमुळे. हेच सूत्र किम्प्टननी सॅन फ्रान्सिस्कोत मांडलं होतं. या हॉटेलाचं नावही 'ताज प्रेसिडेंट', 'विवांता बाय ताज' करत २०१९ मध्ये 'प्रेसिडेंट' या मूळ नावावर आलं.

सिलेक्शन्सच्या यादीत दिल्लीचं 'अॅम्बेसेडर' होतं, उटीचं 'सॅव्हॉय' होतं आणि गोव्याचं 'सिदाद द गोवा'ही होतं. या शेवटच्या नावापाशी थांबायला हवं.

पणजीजवळ दोना पावलाच्या बाजूला वांयगिणीच्या किनाऱ्यावर फोमेंतो समूहाचं हे हॉटेल. वास्तुकार चार्ल्स कोरिया. मूळचे गोव्याच्या घराण्यातले. त्यांनी एक मोठी इमारत उभी न करता लहान गाव वसवल्यासारखी रचना केली: उतारावरून समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्या, मधले चौक, पोर्तुगीज वळणाच्या खिडक्या. काही खिडक्या आणि माणसं तर नुसती भिंतीवर रंगवलेली. दुरून खरी वाटणारी. त्याच सुमारास कोरिया पणजीत कला अकादमी बांधत होते, तिथेही भिंतींवरच्या चित्रांचा हा खेळ आहे. आज ज्याला 'बुटीक', म्हणजे छोटं आणि वेगळेपण जपणारं हॉटेल, म्हणून विकतात, ते सगळं इथे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच होतं.

या हॉटेलाची दुसरी ओळख न्यायालयात झाली. हॉटेलाच्या वाढीव बांधकामाने किनाऱ्याकडे जाणारी लोकांची जुनी वाट अडली, अशा याचिका दाखल झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००० मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. किनारा लोकांचा, ही भूमिका त्या निकालात स्पष्ट आहे. त्यानंतर राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाला संरक्षण दिलं. त्यावरही गोव्यात बराच वाद झाला. इंडियन हॉटेल्स कंपनी इथे आली ती यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळे या वादाचा दोष तिच्यावर येत नाही. पण 'स्थानिक अनुभव' हे शब्द ज्यांच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत असतात, त्या प्रत्येक कंपनीने हा निकाल वाचायला हवा. स्थानिकपणा म्हणजे भिंतीवरच्या पोर्तुगीज रंगीत फरश्या (अझुलेजोस) आणि ताटातली सोलकढी एवढंच नसतं. गावातल्या माणसाला समुद्रावर जायला वाट असणं हाही त्याचाच भाग आहे, आणि पाहुणा जे बघायला येतो ते त्या माणसामुळेच तिथे आहे.

पुढे या हॉटेलाचं नाव बदललं. आता ते 'ताज सिदाद द गोवा हेरिटेज' आहे, शेजारची नवी इमारत 'होरायझन'. स्वतंत्र असलेलं नाव ताजच्या मागे गेलं. पुण्यात आणि कफ परेडला उलटं झालं होतं. एकाच कंपनीत, काही वर्षांच्या अंतराने दोन विरुद्ध निर्णय झाले, याचा अर्थ साखळ्यांनाही अजून खात्री नाही की पाहुणा कोणत्या नावाकडे बघून पैसे देतो.

गोव्यात ही चाचपणी जोरात चालली आहे. २०१६ मध्ये वागातोरला शापोरा किल्ल्याजवळ भारतातलं पहिलं डब्ल्यू उघडलं. माजोर्ड्याचं 'अलिला दिवा' २०१८ मध्ये हयातने 'टू रोड्स' ही कंपनी घेतली तेव्हा हयातच्या घरात आलं. आयटीसीने 'स्टोरी' या छोट्या हॉटेलांच्या ब्रँडसाठी साळगाव निवडलं. उत्तर गोव्यातल्या बार्देशच्या जुन्या घरांना अचानक मोल आलं आहे. छप्पर गळणारी, वारसांत अडकलेली घरं दुरुस्त होत आहेत. ही घरं पडण्यापेक्षा चालती राहिलेली बरी, हे कुणीही मान्य करेल. मात्र मालकाने करार करताना फीच्या टक्केवारीइतकीच घासाघीस दुसऱ्या काही कलमांवरही करावी: नाव कुणाचं राहील, करार संपल्यावर ते कुणाकडे जाईल, स्वयंपाकघरात गावातल्या किती जणांना काम मिळेल, विहिरीचं पाणी किती उपसलं जाईल, आणि शेजाऱ्यांची वहिवाट कुठून जाईल. वाइकिकीच्या मालकांना जे रात्रीतून करावं लागलं ते कागदावर आधीच करून ठेवता येतं.

२०२४ च्या अखेरीस इंडियन हॉटेल्सने 'ट्री ऑफ लाइफ' ही छोट्या रिसॉर्टची साखळी चालवणाऱ्या कंपनीत ५५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. या वेळी नाव 'ट्री ऑफ लाइफ' असंच ठेवलं गेलं.